कोपऱ्यातलं पाणी

ऑफिसात तिला सगळे लाटाबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी तिच्या टेबलावर येणाऱ्या फायलींवरसुद्धा कुणीतरी पेन्सिलीनं तेच नाव लिहू लागलं. तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. बंदरं आणि किनारे सांभाळणाऱ्या खात्यात तिची उमर गेली होती, आणि तिचं काम थोडक्यात सांगायचं तर समुद्र संगणकात आणून ठेवण्याचं होतं. कुठे भिंत किंवा धक्का बांधायचा असला की तिथल्या तळाची खोली मोजून आणायची, त्या खोलीची एक जाळी विणायची, जाळीच्या एका कडेनं लाटा आत सोडायच्या, आणि अजून न बांधलेल्या भिंतीवर त्या कशा आदळतात ते बघत बसायचं. कुठे फुटतात, कुठून उलटून मागे येतात, भिंतीवरून किती पाणी पलीकडे सांडतं. चूक कागदावर असतानाच पकडली की दगड वाया जात नाहीत आणि माणसंही.

घरी ती नुसती ताई. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या बहिणीनं तिला आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या बघून दिल्या होत्या. झोपायला वर आणि जेवायला खाली, असा तिचा संसार. धाकटीचा नवरा सायकली दुरुस्त करायचा आणि भाड्यानं द्यायचा. माणूस बोलका, हाताच्या रेषांत कायम ग्रीस, आणि थट्टा केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. "ताई, इतकी वर्षं लाटा मोजताय, आता काहीतरी लाटायलाही शिका," असं तो दर थोड्या दिवसांनी म्हणायचा आणि दर वेळी नव्यानं हसायचा. तीही हसायची. त्या जेवणाच्या टेबलावर तिची एक ठरलेली खुर्ची होती, खिडकीकडे पाठ असलेली, आणि दिवसभरात तिला जर कशाची ओढ असेल तर त्या खुर्चीची.

शहराच्या किनाऱ्याची जुनी भिंत खचली तेव्हा नवी बांधायचं ठरलं. भिंतीच्या आराखड्याला नगरपालिकेनं आपली एक हौस जोडली होती. मध्येच समुद्रात घुसणारा एक गोल सज्जा, लोकांनी तिथे उभं राहून सूर्यास्त बघावा म्हणून. सरळ भिंत जिथे त्या सज्ज्याला मिळत होती तिथे एक कोपरा तयार झाला होता. नकाशावर नखाएवढा.

पहिल्या खेपेला तिनं दहा-दहा मीटरच्या चौकोनी घरांची जाळी धरली. सगळं ठीक निघालं. पण तिला चैन पडेना. तिरक्या येणाऱ्या लाटा भिंतीवर आपटून गुमान मागे फिरत नाहीत. त्या भिंतीच्या अंगाअंगानं घसरत पुढे जातात, आणि पुढची वाट बंद झाली की एकमेकींच्या खांद्यावर चढतात. तिनं कोपऱ्यापुरती जाळी बारीक केली, अर्ध्या मीटरची. संगणक दोन दिवस घरघरत राहिला. तिसऱ्या दिवशी पडद्यावर तिनं पाहिलं, लांबून येणारी एक साधी, फार उंचही नसलेली लाट भिंतीला लागून पळत आली, कोपऱ्यात शिरली आणि उभीच राहिली. भिंतीच्या दुप्पट. मग आतल्या बाजूला कोसळली.

ती कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे खात्याचे मुख्य अभियंता, गोड बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"बाई, आधीच्या जाळीत हे दिसत नव्हतं?"

"नाही. घरं मोठी होती. कोपरा एका घरातच मावत होता."

"मग मोठीच ठेवू या ना," साहेब हसले. "भिंग घेऊन बसलात तर धुतलेल्या ताटावरही किडे दिसतील."

"साहेब, हे किडे नाहीत. दर मीटरला जेवढं पाणी सांडलेलं चालतं, त्याच्या नऊपट आहे तिथे."

"आणि अख्ख्या भिंतीची सरासरी?"

ती थांबली. "सरासरी मर्यादेत आहे."

"नियम कशाचा आहे?"

"सरासरीचा."

"मी तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय का?"

"नाही."

"मग?" त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "सज्ज्याचे खांब रोवून झालेत. नगराध्यक्षांनी उद्घाटनाची तारीखसुद्धा मनात धरली आहे. आता हा कोपरा मध्ये आणलात तर सगळं मोडून पुन्हा मांडायचं. आणि एक सांगतो, तुमच्या या संगणकाच्या पद्धतीवर वरच्यांचा भरवसा बसायला किती वर्षं गेली ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. पहिल्याच मोठ्या कामात ही रड लावलीत तर ते म्हणतील, नको ते मॉडेल आणि नको ती बाई."

हे शेवटचं तिला लागलं, कारण ते खरं होतं. त्या मॉडेलमागे तिनं आपलं तारुण्य घातलं होतं. लोक पोरं वाढवतात तसं तिनं ते वाढवलं होतं. तिनं मनाशी म्हटलं, तेवढ्या लांबून येणारं आणि नेमक्या त्याच दिशेचं उधाण वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी येतं. पुढच्या टप्प्यात कोपऱ्याची डागडुजी मागून घेऊ. असं म्हणून तिनं अख्ख्या भिंतीची सरासरी लिहिली आणि खाली सही केली. कोपऱ्याचं चित्र अहवालात आलं नाही.

भिंत झाली. सज्जा झाला. लोकांनी सूर्यास्त पाहिले. मग भिंतीच्या आतल्या बाजूला, फिरायच्या रस्त्यालगत नगरपालिकेनं पत्र्याचे आणि काचेचे छोटे गाळे उभे केले आणि ते चिठ्ठ्या टाकून वाटले. सायकलवाल्यानंही अर्ज केला होता. एका संध्याकाळी तो दारातूनच ओरडत आला.

"ताई! कोपरा लागला! सज्ज्याला चिकटून! सगळ्यात मोक्याची जागा! माझ्या नशिबाला एवढी अक्कल कधीपासून आली?"

धाकटीनं हातातलं भांडं तसंच ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. ताई मात्र खुर्चीत बसून राहिली.

"काय झालं गं?" धाकटीनं विचारलं.

"तो गाळा घेऊ नका," ती म्हणाली.

सायकलवाल्याला वाटलं थट्टा आहे. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. तिनं सांगितलं. जाळी, तिरक्या लाटा वगैरे काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की त्या कोपऱ्यात पाणी चढतं, रोज नाही, पण एखाद्या दिवशी चढेल आणि त्या दिवशी तिथे असलेलं माणूस वाचणार नाही.

"मग भिंत कशाला बांधली?" तो म्हणाला.

"बांधली. आता ती आहे. तुम्ही फक्त कोपरा सोडा."

"पण तुम्हीच ना ती तपासली?"

ताई टेबलावर सांडलेली शितं गोळा करू लागली.

"अहो, ताई सांगतेय तर ऐका ना," धाकटी मध्ये पडली. "जिवापेक्षा गाळा मोठा आहे का?"

"ऐकतो," तो म्हणाला. "पण मग रांगेतल्या बाकीच्यांना सांगतो तसं."

"नको," ताई झटकन म्हणाली. इतक्या झटकन की तिची तिलाच लाज वाटली. "ही ऑफिसातली गोष्ट आहे. बाहेर फुटली तर माझी नोकरी जाईल. मी आतून करून घेते काहीतरी. तुम्ही कुणाशी तरी अदलाबदल करा, आणि कारण काहीही सांगा."

सायकलवाला उठला. मग हात धुवायला गेला.

रांगेच्या दुसऱ्या टोकाचा गाळा एका फोटोवाल्याला मिळाला होता. फिरायला आलेल्यांचे फोटो काढायचे, तिथल्या तिथे छापून द्यायचे, असा त्याचा धंदा. त्याला अदलाबदल करतोस का म्हणून विचारलं तर तो उडालाच. मागे अख्खा समुद्र, बाजूला सज्जा, संध्याकाळचा उजेड थेट तोंडावर. त्या कोपऱ्यासाठी तो काहीही द्यायला तयार होता. "तुला वेड लागलंय का?" त्यानं सायकलवाल्याला विचारलं. सायकलवाला म्हणाला, "तिथे वारा फार. माझ्या सायकली एकीवर एक पडतात." फोटोवाल्यानं त्याला मिठी मारली.

ताई दोन-तीनदा तिकडून गेली. कोपऱ्यातल्या गाळ्यात फोटोवाल्याची बायको असायची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, तोंडानं अखंड चालू. नवरा बाहेर कॅमेरा लावून उभा राहायचा आणि ती आतून ओरडायची, "हसा, हसा, दात काय घरी ठेवून आलात?" गंभीर चेहऱ्याची माणसंही त्यावर हसायची, आणि नेमका तेव्हाच तो बटण दाबायचा. तिनं एकदा ताईलाही हाक मारली. "ओ बाई, या ना, एक फोटो. सायकलवाल्यांच्या ताई ना तुम्ही? तुम्हाला फुकट! तुमच्या घरानं आमचं भलं केलंय." ताई म्हणाली, "पुन्हा कधीतरी." आणि झपाझप चालू लागली.

तिनं आतून करून घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. साहेबांना म्हणाली, निदान खवळलेल्या दिवशी कोपरा बंद करायला एक साखळी आणि एक पाटी तरी लावू या. साहेब म्हणाले, "पाटी लावली की लोक विचारणार, का लावली." त्यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिनं दिलं नाही. हळूहळू ती त्या रस्त्यानं जायचीच बंद झाली. माणूस रस्ता बदलतो तेव्हा त्याला वाटतं की आपण फक्त रस्ताच बदलला.

मग तो दिवस आला. पाऊस नव्हता, वारा नव्हता, आभाळ निळंशार होतं. दूर समुद्रात कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं आणि त्याच्या लांब, सावकाश लाटा आता किनाऱ्याला लागत होत्या. दुपारी ती ऑफिसात बसली होती. लाटा मोजायला समुद्रात सोडलेल्या तरंगत्या बोयाचे आकडे तिच्या पडद्यावर येत होते. उंची साधारणच, पण एका लाटेपासून दुसरी यायला लागणारा वेळ वाढत चालला होता, आणि दिशा तीच, भिंतीच्या अंगानं घसरणारी. मॉडेलमध्ये कोपऱ्यात उभी राहिलेली लाट अशीच होती.

तिनं फोन उचलला आणि पहिला फोन घरी केला.

"त्यांना ताबडतोब घरी बोलव," ती धाकटीला म्हणाली. "आत्ता. गाळा बंद करून."

मग दुसरा साहेबांना केला. साहेब बैठकीत होते. तिसरा नगरपालिकेला केला. तिथल्या माणसानं तिचं नाव विचारलं, खातं विचारलं, रस्ता बंद करायला लेखी लागतं असं सांगितलं, आणि थांबा म्हणाला. ती थांबली. मग थांबणं सोडून देऊन धावत खाली उतरली आणि गाडी पकडली.

रस्त्यावर माणसांची गर्दी होती. लाटा बघायला लोक पोराबाळांसकट आले होते, सज्ज्यावर उभं राहून ओरडत होते. तिच्या गाडीनं वळण घेतलं तेव्हा ते ओरडणं बदललेलं तिला ऐकू आलं. ती पोहोचली तेव्हा पाणी ओसरत होतं. कोपऱ्यातला गाळा जागेवर नव्हता. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या लोखंडी कठड्यात जाऊन रुतला होता, पत्रा कागदासारखा दुमडलेला, आणि ओल्या रस्त्यावर सगळीकडे फोटो चिकटले होते, हसणाऱ्या माणसांचे.

फोटोवाला छापायचा कागद आणायला गेला होता. त्याची बायको आत होती. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई खाली गेली तेव्हा धाकटीनं दारातच तिला घट्ट धरलं आणि हमसून रडली. "तुझ्यामुळे गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तू नसतीस तर आज माझं घर बुडालं असतं. तुझे उपकार मी कुठे फेडू?" ताईला तिचे हात अंगावरून सोडवायचे होते, पण सुटेनात. सायकलवाला आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानंतर त्यानं तिची थट्टा कधी केली नाही.

काही दिवसांनी, एका सकाळी, फोटोवाला घरी आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. धाकटीनं पाणी दिलं, ते त्यानं हातात तसंच धरून ठेवलं.

"मला एकच विचारायचं होतं," तो सायकलवाल्याला म्हणाला. "तू मला कोपरा का दिलास?"

"वारा... सायकली पडत होत्या..."

"त्या दिवशी वारा नव्हता. तरी तू भर दुपारी गाळा बंद केलास. आमच्या गाळ्याशेजारचा टोपीवाला सांगत होता. तू समोरून जाताना माझी बायको तुला म्हणाली, इतक्या लवकर? तू म्हणालास, पोट बिघडलंय. टोपीवाला म्हणतो, माणूस पोट बिघडल्यासारखा नाही, भूत पाहिल्यासारखा पळत होता."

सायकलवाल्यानं बायकोकडे पाहिलं, मग ताईकडे. "यांना विचार," तो म्हणाला. "मला नको विचारूस, यांना विचार."

"अहो!" धाकटी ओरडली.

ताई आपल्या खुर्चीत होती. ती म्हणाली, "मी सांगते." आणि तिनं सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, जाळीसकट, साहेबांसकट, सहीसकट. फोटोवाला लक्षपूर्वक ऐकत होता, शाळेत न कळणारा धडा ऐकावा तसा.

"सरासरी मर्यादेत होती म्हणता," तो म्हणाला. "मग माझी बायको कशानं मेली? मला समजेल असं सांगा."

"एक बादली पाणी दिवसभर थेंब थेंब सांडलं किंवा एकदम डोक्यावर आलं, तरी सरासरी तीच येते. आणि शंभर पावलांच्या भिंतीत नव्वद पावलं कोरडी असली की उरलेल्या दहांचं पाणी त्या कोरड्यांत वाटलं जातं. कागदावर."

"कागदावर."

"हो."

त्यानं पेला खाली ठेवला. पाणी थोडं सांडलं. "तुम्ही बहिणीला सांगितलंत त्याचा मला राग नाही," तो म्हणाला. "मीसुद्धा माझ्या बहिणीला आधी सांगितलं असतं. पण बाई, बहिणीला तर कुणीही सांगतं. तुम्हाला पगार काय बहिणीला सांगायचा मिळत होता?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो उठला, चप्पल घालताना एकदा तोल गेला, सायकलवाला धरायला पुढे झाला, तर त्यानं हात झिडकारला आणि जिना उतरून गेला.

दार लागल्यावर धाकटी ताईवर उसळली. "तू कशाला सांगितलंस त्याला? आपलं म्हणून आम्ही इतके दिवस तोंड शिवून बसलो, आणि तू?"

"त्यानं विचारलं."

"विचारलं! साहेबांनी विचारलं तेव्हा कुठे गेली होती तुझी जीभ?"



चौकशी समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, तीन जाणते अभियंते. ताई कुणी न बोलावता गेली आणि जे फोटोवाल्याला सांगितलं तेच तिथे सांगितलं. अध्यक्ष वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होते.

"ही सही तुमचीच?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली?"

तिनं बाजूला बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब शांतपणे, जवळजवळ मायेनं, तिच्याकडे बघत होते. "नाही," ती म्हणाली. "समजावलं."

"समजावणं हा काही गुन्हा नाही," अध्यक्ष म्हणाले. "अहवालातला आकडा चूक आहे का?"

"आकडा बरोबर आहे."

"मग आम्ही काय लिहावं असं तुमचं म्हणणं आहे?"

"कोपरा मला दिसला होता, असं लिहा. दिसला, आणि मी तो झाकला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तसं कुणी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं की लाट अपवादात्मक होती, भिंत नियमानुसार होती, आणि अशा गणितात थोडी अनिश्चितता राहतेच. अनिश्चितता! आयुष्यात एकाच गोष्टीची तिला पुरेपूर खात्री होती, आणि नेमका त्याच गोष्टीला त्यांनी तो शब्द लावला. कुणावर ठपका आला नाही. तिची नोकरीसुद्धा गेली नाही. ज्या नोकरीसाठी तिनं तोंड मिटून घेतलं होतं ती नोकरी, खरं बोलूनही, तिला जशीच्या तशी परत मिळाली.

मात्र समितीपुढचं बोलणं बाहेर आलं, आणि गाळ्यांच्या रांगेत पोहोचलं. साहेबांकडे कुणी जाऊ शकत नव्हतं, ते दूर होते, काचेमागे होते. सायकलवाला मात्र रोज सकाळी त्यांच्यात येऊन कुलूप उघडायचा. टोपीवाल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. मग इतरांनीही. सायकली भाड्यानं नेणारे कमी झाले. कुणीतरी त्याच्या गाळ्याच्या काचेवर खडूनं लिहिलं, "आज पोट कसं आहे?" तो ते पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं असायचं. एरवी जगाची थट्टा करणारा माणूस, तो त्या एका ओळीनं खलास झाला. त्यानं गाळा परत केला. आपल्या भावाच्या गावी, समुद्रापासून लांब, दुकान टाकायचं ठरवलं.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा ताई वरून खाली आली. खालची खोली मोकळी झाल्यावर फार मोठी दिसत होती. टेबल गेलं होतं. सायकलवाला दोरी आवळण्यात गुंतला होता, त्यानं मान वर केली नाही.

"तिथे पोहोचल्यावर फोन कर," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीनं पदराला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली. "ताई, तू आमचं भलं केलंस की वाटोळं केलंस, ते मला अजून कळत नाही," ती म्हणाली. "तू तेव्हा गप्प बसली असतीस तर मी विधवा झाले असते. नंतर गप्प बसली असतीस तर आज घर सोडावं लागलं नसतं. तुला नेमकं उलट्या वेळी बोलायला सुचलं."

"मी पहिल्याच वेळी बोलायला हवं होतं. ऑफिसात."

"हो," धाकटी म्हणाली. "पण ते तू आता मला सांगून काय उपयोग?"

टेम्पो निघाला. फोन काही आला नाही. एकदोनदा ताईनंच केला, तेव्हा धाकटी हवापाण्याचं बोलली आणि दुधाचं भांडं गॅसवर आहे म्हणून ठेवून दिला.

कोपऱ्यातली भिंत उंच करायचं काम खात्याकडेच आलं, आणि साहेबांनी ते तिलाच दिलं. "त्या कोपऱ्याची तुमच्याइतकी माहिती कुणाला आहे?" ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. तिनं बारीक जाळी धरली. या वेळी कोपऱ्याचा आकडा पहिल्याच पानावर घातला. साहेबांनी पान वाचलं आणि म्हणाले, "छान. आता हेच पाहिजे." भिंत वर गेली, तिचा माथा समुद्राकडे वाकवला, समोर दगडांची उतरण घातली. पुढल्या उधाणाला पाणी कोपऱ्यात चढलं, वाकलेल्या माथ्याला लागलं आणि मागे फेकलं गेलं. पलीकडे शिंतोडे उडाले तेवढेच. वर्तमानपत्रात बातमी आली, साहेबांचा फोटो आला, संगणकावरच्या नव्या पद्धतीचं कौतुक आलं. ऑफिसातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "लाटाबाई, मानलं बुवा!"

फोटोवाला तिला त्यानंतर एकदाच दिसला. त्यानं कॅमेरा विकला होता आणि तो कुठल्याशा गोदामात कामाला लागला होता. बाजारात तो समोरून आला. ती थांबली, काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि भाजीच्या ढिगाकडे वळून भाव विचारायला लागला. विकणाऱ्यानं भाव सांगितला तरी तो विचारतच राहिला, ती निघून जाईपर्यंत.

त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर नवं काम आलं. कुठल्यातरी लांबच्या खाडीच्या तोंडाशी होड्यांसाठी एक धक्का बांधायचा होता. तळाची खोली मोजून आलेली होती, आराखडा गुंडाळलेला होता. तिनं तो उलगडून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि धक्का जिथे वळत होता तिथे बोट ठेवून शेजारच्या टेबलावरच्या मुलाला विचारलं,

"इथे मागे कोण राहतं?"

त्यानं मान उंचावून पाहिलं. मग दुसऱ्याला विचारलं. त्यानं तिसऱ्याला विचारलं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.